कुलपाची साक्ष

आमच्या घरी रात्री निजानीज होण्यापूर्वी एक विधी होतो. देवापुढचा दिवा शांत झाला, दूध विरजले, मांजर बाहेर गेले, की आबा उठतात आणि ओसरीच्या दाराशी जातात. कडी कोयंड्यात बसवतात, कुलूप अडकवतात, ते दाबतात आणि मग तीनदा ओढून पाहतात. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, तीनदा! लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकत असे. प्रथम एक ‘खट्’ आणि मग कडीचे तीन खणखणाट. तिसरा खणखणाट झाला की घर बंद झाले, चोर बाहेर आणि आपण आत, अशी खात्री पटे आणि डोळे आपोआप मिटत.

आबांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. कान बरेच अधू झाले आहेत. तो ‘खट्’ त्यांना कधीच ऐकू येईनासा झाला, पण ओढून पाहणे काही सुटले नाही. मला मात्र, खोटे कशाला सांगू, मोठेपणी त्या सवयीची लाज वाटू लागली होती. त्या लाजेचा निकाल गेल्या दिवाळीत लागला. त्याचीच ही हकीकत, आणि तिच्या निमित्ताने कुलपाच्या आवाजाचा थोडासा इतिहास.

तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी मोटार घेतली. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या, शाळेत मुले वळणाऱ्या आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने मोटार घ्यावी, हे धाडसच होते. पण आबांना दर महिन्याला तालुक्याच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे, आणि एस. टी. च्या पायऱ्या त्यांना चढवत नसत. पैसे कमी पडले तेव्हा हिने काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या तालुक्याच्या एका पतपेढीत तारण ठेवल्या आणि गाडी दारात आली.

गाडीच्या किल्लीवर दोन बटणे होती. त्यातले एक दाबले की चारही दरवाजांची कुलपे एकदम लागत, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकत आणि गाडी ‘चिक्’ असा एक आवाज करी. त्या ‘चिक्’चे मला कोण कौतुक! वळून न पाहता, पाठमोऱ्यानेच बटण दाबायचे आणि तो आवाज ऐकत ऐटीत चालू लागायचे. पण आबा मागे राहत, गाडीला वळसा घालत आणि प्रत्येक दरवाजाची मूठ ओढून पाहत. रस्त्यावरचे लोक बघत. मी एकदा चिडून म्हणालो, “आबा, चला ना! गाडी बोलली की हो!”

आबा म्हणाले, “तुला बोलली असेल. मला कुठं काय बोलली?”

पुढे एका श्रावणात गाडीची वाचा बसली. बटण दाबले; दिवे लुकलुकले; कुलपे लागली; आवाज मात्र नाही. मी दरवाजा ओढून पाहिला, तो बंद होता. म्हटले, मुकी झाली तर झाली, कुलूप लागते ना? आवाज नसल्याने माणसे मरत नाहीत. दुरुस्तीचे पैसे वाचले, या आनंदात मी तो विषय सोडून दिला. आठ-पंधरा दिवसांत त्या मुकेपणाची सवय झाली. वाचकहो, माझी चूक नेमकी येथेच झाली. पण ती कळायला धनत्रयोदशी यावी लागली.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला आम्ही तिघे तालुक्याला गेलो. हप्ते फिटले होते. पतपेढीतून पाटल्या सोडवल्या. हिने त्या डोळ्यांना लावल्या आणि कापडी पिशवीत ठेवल्या. मग बाजार. पोहे, उटणे, पणत्या, आकाशकंदील आणि लक्ष्मीपूजनाला लागणारी नवी केरसुणी, असे सारे सामान डिकीत भरले. अजून कपडे घ्यायचे होते आणि पेठेत तर मुंगी शिरायला जागा नव्हती. गर्दीत पिशवी हातात नको म्हणून मीच ती पुढच्या आसनाखाली सरकवली आणि म्हणालो, “गाडीसारखी तिजोरी नाही!” दरवाजे लावले, चालता चालता बटण दाबले आणि पुढे झालो. आवाज आला नाही. पण तो तर तीन महिने येतच नव्हता. भर दुपारच्या उन्हात दिवे लुकलुकले की नाही, हे वळून कोण पाहतो?

वीस-पंचवीस पावले गेलो असेन. मागून आबांची हाक आली. ते नेहमीप्रमाणे मागे राहिले होते, आणि चालकाच्या बाजूचा दरवाजा सताड उघडा धरून उभे होते.

“अरे, हे उघडंच आहे.”

मी धावलो. आसनाखाली हात घातला. पिशवी होती. हिच्या तोंडातून शब्द फुटेना. मग मी गाडीभोवती फिरलो तेव्हा उलगडा झाला. केरसुणीचा शेंडा डिकीच्या झाकणात अडकला होता. झाकण वरवर लागले होते, पण त्याची खिटी बसली नव्हती. डिकी उघडी आहे हे गाडीला समजले होते. म्हणून तिने कुलपे लावल्यासारखे करून पुन्हा सोडून दिली होती, आणि दिवेही लुकलुकवले नव्हते. तिच्या परीने ती मला सांगत होती, की कुलूप लागलेले नाही. पण जी गाडी रोजच गप्प, तिची आजची गप्प कशी ओळखावी? कुलूप लागले असतानाचे मौन आणि कुलूप लागले नसतानाचे मौन, दोन्ही मला एकच झाली होती.

घरी येताना बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी हीच म्हणाली, “लक्ष्मीनंच फटीत पाय अडकवला, म्हणून कळलं तरी.”

त्या रात्री आबांनी ओसरीचे कुलूप तीनदा ओढले, तेव्हा मी जागा होतो. मनात आले, हे कुलूप आवाज का करते? माणसाने कुलपाला बोलायला कधी शिकवले? दिवाळीच्या सुटीत मग मिळेल तिथून वाचत गेलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले, की कुलपाची कामे दोन. एक धरून ठेवण्याचे आणि दुसरे सांगण्याचे. पहिल्या कामाचा इतिहास लोक आवडीने सांगतात. दुसऱ्याकडे माझ्याप्रमाणेच दुर्लक्ष करतात.

प्राचीन मिसरदेशातले कुलूप लाकडी होते. दाराच्या अडसराला वरून भोके पाडलेली असत आणि त्यांवरच्या ठोकळ्यात लाकडी खुंट्या सैल सोडलेल्या असत. अडसर सारला की खुंट्या आपल्याच वजनाने भोकांत पडत आणि अडसर जागच्या जागी अडके. किल्लीही लाकडीच, हातभर लांब, दात घासण्याच्या ब्रशासारखी खुंट्यांची. ती आत घालून वर उचलली की आतल्या खुंट्या उचलल्या जात. असिरियाचा राजा दुसरा सार्गोन याच्या खोर्साबाद येथील राजवाड्याच्या अवशेषांतही अशा तऱ्हेचे कुलूप मिळाले आहे. या कुलपात धरणे आणि सांगणे एकच होते. ज्या खुंट्यांनी दार धरायचे, त्यांच्याच पडण्याचा आवाज होई. आवाज आला म्हणजे खुंटी पडली आणि खुंटी पडली म्हणजे दार लागले. मध्ये तिसरा कोणी नाही. आमच्या ओसरीवरच्या कुलपाचा ‘खट्’ हा त्याच वंशातला. खटका आकड्यात बसतो तोच तो आवाज. असली साक्ष खोटी ठरणे कठीण.

मोठ्या दाराला मोठा आवाज लागतो. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सांज झाली, गडाचे दरवाजे बंद झाले, आणि दूध घालायला आलेली गवळण वर अडकली. खाली घरी तान्हे मूल. दरवाजा उघडेना, तेव्हा ती कडा उतरून गेली. आज तेथे हिरकणी बुरूज दाखवतात. ही गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण माझ्या या नव्या वेडात मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. दरवाजा बंद झाला आहे, हे आतल्याला आणि बाहेरच्याला दोघांनाही कळावे लागते. ज्या वेळी ते कळत नाही, त्या वेळी कोणी तरी कड्याच्या टोकाशी उभे असते.

पुढचा मोठा अध्याय इंग्लंडातला. रॉबर्ट बॅरन याने 1778 साली लिव्हरचे कुलूप काढले. आपण दुकानात ‘सहा लिव्हर, सात लिव्हर’ म्हणून कुलूप मागतो, त्याचा हा मूळपुरुष. त्यातला प्रत्येक खटका नेमक्या उंचीवर उचलला गेला पाहिजे. कमी उचलला तरी नाही आणि जास्त उचलला तरी नाही. 1784 साली जोसेफ ब्रामा याने त्याहून कठीण कुलूप केले, आणि पुढे एक कुलूप लंडनमधल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत मांडून जाहीर केले, की जो हे किल्लीवाचून उघडील त्याला 200 गिनी. साठांहून अधिक वर्षे ते बक्षीस तसेच पडून होते.

पण मला ज्याला नमस्कार करावासा वाटला, तो पुढचा माणूस. 1817 साली पोर्टस्मथच्या गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारने बक्षीस लावले, की स्वतःच्या किल्लीखेरीज उघडणार नाही असे कुलूप करा. जेरेमाया चब या कारागिराने 1818 साली ते केले. त्याची खुबी अशी, की कोणी परकी किल्ली घालून खटापट केली आणि एखादा खटका प्रमाणाबाहेर वर गेला, तर तो तिथेच अडकून बसे. मग मालक आपली खरी किल्ली घेऊन आला तरी कुलूप उघडत नसे! मालकाला कळे, की आपल्यामागे इथे कोणी तरी हात घातला होता. कुलूप पूर्ववत करायला प्रथम वेगळी किल्ली लागे. पुढे सुधारणा झाली आणि तीच किल्ली उलटी फिरवून काम भागू लागले. याला नाव पडले ‘डिटेक्टर’, म्हणजे सुगावा देणारे कुलूप.

पाहा, केवढा विचार आहे! आजवरचे कुलूप चोराला ‘नाही’ म्हणत होते. हे कुलूप मालकाशी बोलले. आणि बोलले कसे? तर गप्प बसून, अडून बसून. गोदीतल्या कैद्यांच्या जहाजावर कुलपे बनवणारा एक कैदी होता. हे कुलूप उघडलेस तर तुला माफी आणि वर पैसे, असे त्याला सांगितले. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले.

गर्वाचे घर खाली, म्हणतात. 1851 साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कारागीर आला. त्याने चबचे सुगावा देणारे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. खटका वर अडकला की तो किती वर न्यायचा नाही, हे त्यालाही समजे. म्हणजे मालकासाठी ठेवलेली खूण चोरालाही वाचता आली. मग त्याने ब्रामाच्या खिडकीतले कुलूप मागितले आणि सोळा दिवसांच्या अवधीत एकूण 51 तास खपून तेही उघडले. धरून ठेवणारे प्रत्येक कुलूप कधी ना कधी उघडतेच, हे साऱ्या जगाला त्या वर्षी कळले. अमेरिकेत लायनस येल याने 1861 आणि 1865 साली पेटंटे घेऊन जे कुलूप केले, ते पाहिले तर मिसरदेशाच्या त्याच पडत्या खुंट्या, पण पितळेच्या आणि बोटाएवढ्या नळीत बसवलेल्या! आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून 1897 साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि महाराष्ट्रात घरोघरी गावठी टाळ्यांच्या जागी कारखान्याची कुलपे आली.

कुलूप उघडणारच, तर निदान ते उघडताना ओरडावे, हा विचार विजेने शक्य केला. 1853 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस पोप याने विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की तारेतला प्रवाह पुरा होई आणि विद्युतचुंबकाने हातोडी घंटेवर आपटे. एडविन होम्स याने 1857 साली हे हक्क विकत घेतले आणि त्याचा व्यापार केला. इथे एक गोष्ट घडून गेली, जी त्या वेळी फारशी कोणाला जाणवली नसेल. धरणारी खिटी दारात राहिली आणि सांगणारी घंटा माजघरात गेली. दोघांना जोडणारी उरली ती फक्त एक तार. खिटी धड आणि तार तुटलेली, असे आता होऊ शकत होते. तार धड आणि खिटी मोडलेली, असेही होऊ शकत होते. साक्षीदार आणि घटना यांची ताटातूट झाली ती येथे.

आता मोटारीकडे येऊ. कार्ल बेंझने 1886 साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला दरवाजेच नव्हते, मग कुलूप कुठले! गाडीला आवाज हवा होता तो वाटेतल्या माणसांना बाजूला सारायला. प्रथम रबरी फुग्याचा भोंगा आला. मग 1908 च्या सुमारास मिलर रीज हचिसन याचा ‘क्लॅक्सन’ बाजारात आला. पत्र्याचा पडदा कंपून तो असा काही केकाटे, की घोडे बुजत. मौज अशी, की याच हचिसनने त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले होते. तेव्हा लोक विनोद करीत, की यंत्राला गिऱ्हाईक मिळावे म्हणूनच याने भोंगा काढला! हे मी आबांना ओरडून सांगितले, तेव्हा ते पोट धरून हसले.

पुढे मोटारींना बंद दरवाजे आले, दरवाजांना किल्ल्या आल्या. 1956 साली पॅकार्ड गाड्यांत विजेने लागणारी कुलपे दिसली. तोवर निदान हात गाडीला लागत होता. 1982 साली फ्रान्समध्ये रेनॉच्या ‘फ्युएगो’ गाडीला दुरून उघडणारी किल्ली बसवली गेली. पॉल लिपशुट्झ हा तिचा जनक. त्याच्याच नावावरून फ्रेंच लोक असल्या किल्लीला ‘प्लिप’ म्हणतात. प्रथम ती अवरक्त किरणांनी बोले, पुढे रेडिओच्या लहरींनी. दर वेळी एकच संदेश पाठवला तर चोर तो टिपून पुन्हा वापरील. म्हणून दर वेळी बदलणारे गुप्त आकडे आले.

झाले! आता हात कुलपापासून दहा पावले दूर गेला. खिटी बसल्याचा धक्का बोटांना कळेना. म्हणून गाडीने उत्तर द्यायची पद्धत पडली. किल्लीने म्हणायचे, “लाव,” आणि गाडीने म्हणायचे, “लावले.” ते ‘लावले’ म्हणजेच दिव्यांची लुकलुक आणि तो ‘चिक्’. मी ज्याला ऐट समजत होतो, ते हे उत्तर होते. चबच्या कुलपाने जे अडून सांगितले, पोपच्या घंटेने जे वाजून सांगितले, तेच गाडी मला सांगत होती. आणि मी तीन महिने तिची जीभ बसलेली ठेवून तिलाच तिजोरी म्हणत होतो.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी गावच्या मिस्त्रीकडे नेली. हा माझाच एके काळचा विद्यार्थी, गणितात काठावर पास होणारा. सारी हकीकत ऐकून तो म्हणाला, “गुरुजी, गाडी बोलत नाही की ऐकत नाही, हे आधी ठरवू.”

साऱ्या वाचनात मला इतके नेमके वाक्य सापडले नव्हते.

त्याने गाडी सावलीत घेतली, सगळी दारे नीट लावली आणि बटण दाबले. दिवे लुकलुकले, कुलपे लागली. “ऐकते,” तो म्हणाला. दिवेही नाहीत आणि कुलपेही नाहीत, असे असते तर त्याने आधी किल्ली उघडली असती. तिच्यात नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की अगदी जवळ जावे लागते, आणि मग तेवढ्यानेही भागत नाही. घरात दुसरी किल्ली असेल तर ती लावून पाहिली की दोष किल्लीचा की गाडीचा, हे लगेच कळते. मग त्याने दारे, डिकी आणि बॉनेट, एकेक उघडून पाहिले. प्रत्येकापाशी एक लहानसा खटका असतो आणि तो गाडीला सांगतो, की हे लागले आहे. पावसाळ्यात बॉनेटचा खटका गंजतो. झाकण लागलेले असूनही गाडीला ते उघडे वाटते आणि ती गप्प बसते. आमचा तो खटका ठीक होता.

त्यानंतर त्याने सुकाणूवरचा हॉर्न दाबला. तो खणखणीत वाजला. काही गाड्यांत तोच हॉर्न कुलपाचे उत्तर देतो. तो बंद असेल तर आधी फ्यूज पाहायचा, मग रिले, मग तारा, आणि शेवटी खुद्द हॉर्न, कारण त्याच्या पडद्यात पाणी-चिखल गेला की तो घोगरा होतो नाही तर बसतो. आमच्या गाडीत मात्र उत्तर देणारा भोंगा निराळा, पुढच्या चाकाच्या वर आडोशाला बसवलेला. पुष्कळ गाड्यांत हा आवाज मालकाला मुद्दाम बंदही करता येतो. विकत घेणाऱ्याने आधीच्या मालकाला विचारावे आणि गाडीबरोबरचे पुस्तक उघडून पाहावे. आमच्या गाडीत तो चालूच होता. मिस्त्रीने भोंगा बाहेर काढला, दोन तारांनी थेट बॅटरीला जोडला आणि तो असा किंचाळला, की झाडावरचे कावळे उडाले. “गळा चांगला आहे. मज्जातंतू तुटलाय.” तारेच्या जोडाचे टोक पाहिले, तर त्यावर हिरवा गंज चढलेला. श्रावणातले पाणी! त्याने टोक पॉलिशपेपरने घासले, जोड बदलला आणि किल्ली माझ्या हाती दिली.

मी बटण दाबले. ‘चिक्!’

इतक्या क्षुल्लक हिरवटपणापायी हिच्या पाटल्या जायच्या होत्या.

पैसे देताना मी त्याला म्हटले, “आता वळून पाहायला नको.” तर तो मान हलवून म्हणाला, “पाहायचं, गुरुजी. कुलूप लावणारी एखादी मोटर जळाली, तर बाकीची दारं लागतात आणि गाडी तरीही बोलते. मूठ ओढून पाहिलेली बरी.” नव्या गाड्यांना खिशातली किल्ली ओळखू येते. त्यांची मूठ मालकाने ओढली तर त्या आपणहून उघडतात. तेव्हा किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन, त्याला लांब पाठवून मग ओढावे, हेही त्यानेच सांगितले.

मौनाचा आणखी एक अर्थ मला पुढे कळला, तो अधिक भयंकर. चोर रेडिओच्या लहरी अडवणारे यंत्र घेऊन उभा राहतो. तुम्ही बटण दाबता, तुमचा शब्द वाटेतच बुडतो, गाडीला तो पोचतच नाही आणि दार उघडे राहते. दक्षिण आफ्रिकेत या चोरीबद्दल मोटारवाल्यांना वारंवार सावध करण्यात आले आहे. अशा वेळी ‘चिक्’ न येणे ही एकच सूचना तुमच्यापाशी असते. ज्याच्या गाडीला आवाज आहे त्याला ती मिळते. ज्याची गाडी एरवीही मुकी, तो निश्चिंतपणे चालू लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. दिवाळीत गल्लीत एक सुतळी बाँब फुटला की उभ्या असलेल्या चार मोटारी कोकलू लागतात आणि कोणी खिडकीशी येत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना शिकवतो. फार बोलणारा साक्षीदार आणि मुळीच न बोलणारा साक्षीदार, दोघांचीही किंमत शेवटी सारखीच. म्हणून रात्री झोपल्या वस्तीत कोणी हा आवाज बंद ठेवला, तर त्याला मी दोष देणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीही निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला मनाई केली आहे. मात्र आवाज आपण बंद केला असेल तर दिव्यांकडे पाहायचे आपले काम वाढते. साक्षीदाराला आपण सुटी दिली आहे की तो आपणहून गप्प झाला आहे, एवढे तरी ठाऊक असावे.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरचे दार उघडे असते. त्या वेळी ओसरीला कुलूप घालायचे नाही, असा रिवाज आहे. केरसुणीला हळदकुंकू वाहताना ही गेल्या वर्षीची आठवण काढील आणि हसेल. तिच्या हातात पाटल्या असतील.

आणि आबा अंगणात जाऊन गाडीची मूठ तीनदा ओढतील. गाडी ‘चिक्’ म्हणालेली असेल. ते त्यांना ऐकू आलेले नसेल. पूर्वी मी त्यांना हाका मारीत असे. आता मी किल्ली हिच्या हातात देतो आणि दुसऱ्या बाजूच्या मुठी ओढून पाहतो. चार दरवाजे आहेत. दोघांत लवकर होते.